कोऱ्या इतिवृत्तावरच्या सह्या

शाळा व्यवस्थापन समितीची सभा म्हणजे काय, असे जोगेश्वरीतल्या पालकांना विचारले तर बहुतेकांचे उत्तर एका दमात संपते : बाईंनी बोलावले, सही केली, परत आलो. सकाळचे सत्र सुटताना आणि दुपारचे भरताना फाटकाशी जी झुंबड उडते, तिच्यातून समितीवरच्या दोन-चार आयांना बाजूला घेतले जाते. रजिस्टर पुढे येते. वर तारीख घातलेली, खाली नावांपुढे जागा सोडलेली आणि जिथे ठराव लिहायचे तो मधला भाग कोरा. ‘ताई, सही करा, बाकीचं आम्ही लिहून घेतो.’ ताईंना दुसऱ्या घरचे काम गाठायचे असते. सही होते. सभा नंतर भरते, त्या पानावर. तिथे चर्चा होते, सूचक-अनुमोदक मिळतात, खर्चही एकमताने मंजूर होतो.

हा प्रकार एका शाळेचा नाही आणि एका उपनगराचाही नाही. पण मेघवाडी, मजासवाडी, शंकरवाडी, बेहरामबाग अशा हातावर पोट असलेल्या वस्त्यांत त्याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. इथल्या मुलाला महापालिकेच्या शाळेवाचून फारसा पर्याय नसतो.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 ने विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेला ही समिती बंधनकारक केली. तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो, मुख्याध्यापक नुसते सदस्य-सचिव, आणि बैठक दर महिन्याला. म्हणजे कागदोपत्री मुख्याध्यापकांनी अध्यक्षांकडे इतिवृत्त घेऊन जायचे. प्रत्यक्षात अध्यक्षबाई मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर बाकावर बसून बोलावणे येण्याची वाट पाहतात. (अनुदानित शाळांतली समिती 2012 च्या दुरुस्तीने केवळ सल्लागार उरली. ती पळवाट संस्थाचालकांना पुरेपूर मानवली.)

पैशाचा भाग तर पालकांच्या कानावरही घातला जात नाही. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान ठरलेले आहे : 101 ते 250 पटाला 50 हजार रुपये, 251 ते 1000 पटाला 75 हजार. रक्कम मोठी नाही, पण नळ, दिवे, फळे, शौचालयाची कडी यांच्यासाठी ती असते आणि तिच्या खर्चावर नजर ठेवणे हे समितीचे कायदेशीर काम आहे. त्याहून महत्त्वाचा आहे शाळा विकास आराखडा. तो समितीने करायचा, तीन वर्षांचा, वर्षवार फोड करून. आणि कलम 22 स्पष्ट म्हणते की सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानाचा आधार हा आराखडाच असेल. मुलींच्या शौचालयाची मागणी आराखड्यात नसेल, तर ती मागणी सरकारदरबारी जन्मालाच आलेली नसते. मग पालक नगरसेवकाकडे, आमदाराकडे, मंडळाच्या अध्यक्षाकडे अर्ज घेऊन फिरतात आणि हक्काची गोष्ट मेहेरबानी होऊन येते, बऱ्याचदा उद्घाटनाच्या फलकासकट.

मुंबईत आणखी एक गुंता आहे. इथे महापालिकेची शाळा म्हणजे इमारत नव्हे. एका इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा दोन-तीन शाळा नांदतात. प्रत्येकीचा मुख्याध्यापक वेगळा, पट वेगळा, समिती वेगळी. गच्चीवरची पाण्याची टाकी मात्र एक. जिना एक, फाटक एक, रखवालदारही एकच. टाकी धुतली गेली नाही तर तक्रार कोणी करायची? मराठी शाळा म्हणते हिंदीवाल्यांनी करावी, हिंदी शाळा उर्दूकडे बोट दाखवते आणि टाकी तशीच राहते. जानेवारी 1993 च्या दंगलीने, राधाबाई चाळीच्या जळिताने, जोगेश्वरीच्या वस्त्या धर्मावरून कशा विलग झाल्या हे इथल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. आज दोन्हीकडच्या आया रोज समोरासमोर येतात अशा मोजक्या जागांपैकी शाळेचा जिना ही एक. एका इमारतीतल्या सगळ्या समित्यांनी वर्षातून दोनदा एकत्र बसावे, असे आजवर ना कोणत्या साहेबाला सुचले, ना पालकांना.

धोक्याची घंटा वाजवायची ती यासाठी की शाळांबाबतचे मोठे निर्णय आता झपाट्याने होत आहेत. पट घसरला म्हणून शाळा दुसरीत मिसळली जाते. इमारत धोकादायक ठरली की सुट्टीत सामान हलते आणि जूनमध्ये मुलांना कळते की वर्ग आता भलतीकडे भरणार. महापालिकेच्या मराठी शाळांना याचा सर्वांत मोठा फटका बसला. पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी, हा निकष नकाशावर पाळलाही जाईल, पण नकाशात पश्चिम द्रुतगती महामार्ग ही एक रेघ असते. सात वर्षांच्या मुलीला ती रेघ ओलांडायची असते. अशा वेळी संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागणारा, नवी इमारत कधी उभी राहणार हे लेखी घेणारा समितीचा ठराव हे पालकांच्या हातातले पहिले हत्यार. रजिस्टर कोरे असले तर तेही नाही. उलट, स्थलांतराला समितीची संमती असल्याचे त्याच रजिस्टरवरून दाखवता येते.

त्यात 7 मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपल्यावर वर्षानुवर्षे प्रशासकाचा कारभार चालला. नगरसेवक नव्हते, शिक्षण समिती नव्हती, व्यवस्थापन समितीवरची लोकप्रतिनिधीची जागाही नावापुरती उरली. शाळेच्या पातळीवर प्रश्न विचारण्याचा कायदेशीर अधिकार त्या काळात पालकांकडेच होता. तो त्यांनी वापरला नाही, कारण तो आपल्याकडे आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. समिती सदस्यांच्या प्रशिक्षणासाठी समग्र शिक्षात तरतूद असते, पण बहुतेक सदस्यांच्या वाट्याला त्यातून एक बैठक, एक पुस्तिका आणि चहा-बिस्किटे येतात.

खासगी शाळांतल्या पालकांनी हे सारे आपल्याला लागू नाही म्हणून हुश्श करू नये. 2011 च्या शुल्क नियमन कायद्याने त्यांच्यासाठी पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती आणली. प्रत्येक इयत्तेचा पालक तिच्यात असतो, निवड चिठ्ठ्या टाकून व्हायची असते, आणि फीचा प्रस्ताव तिच्यापुढे ठेवावा लागतो. आपल्या शाळेत चिठ्ठ्या कधी टाकल्या हे किती जणांनी पाहिले? पुढे 2018 च्या दुरुस्तीने फीविरुद्ध दाद मागायला किमान 25 टक्के पालक एकत्र हवेत अशी अट घातली. एकटा पालक त्या दारातून आत जाऊच शकत नाही.

पालक जागे झाले की काय होते, हेही याच राज्याने पाहिले आहे. खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव प्रवेशांना कात्री लावणारी अधिसूचना सरकारने 9 फेब्रुवारी 2024 ला काढली. पालक आणि संघटना न्यायालयात गेले, मे महिन्यात स्थगिती आली आणि 19 जुलैला उच्च न्यायालयाने ती रद्दच केली. जून 2025 मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय मागे घ्यावे लागले, त्यामागेही रस्त्यावरच्या रेट्यात पालक होते. जोगेश्वरीतही उत्साहाची वाण नाही. पूनम नगरला महापालिकेने 2020 मध्ये सीबीएसईची शाळा काढली तेव्हा प्रवेशासाठी सोडत काढण्याची पाळी आली. पण आपल्याकडे पालकांचा सगळा जोर प्रवेशावर खर्च होतो. नंतरची दहा वर्षे शाळेशी संबंध उरतो तो व्हॉट्सअॅपवरच्या सूचनांपुरता.

शिक्षकांना खलनायक करण्यात अर्थ नाही. मतदारयाद्यांची कामे, रोजच्या ऑनलाइन माहित्या, 27 शालेय वस्तूंचे वाटप आणि त्यांचे हिशेब यांत त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. कोरे रजिस्टर ही त्यांच्या दृष्टीने वाचलेली एक दुपार असते. पण वरच्या कार्यालयाला तपासणीत रजिस्टर भरलेले दिसले की काम भागते, आणि ते कसे भरले हे विचारण्यात कोणालाही रस नसतो, हे खरे दुखणे आहे.

सभा कामाच्या दिवशी भर दुपारी ठेवणे आधी बंद करा. रिक्षा चालवणारा बाप किंवा चार घरची धुणीभांडी करणारी आई अर्ध्या दिवसाची कमाई बुडवून येणार नाही. रविवारी सकाळी किंवा संध्याकाळी सातनंतर सभा घ्या, इतिवृत्त शाळेच्या माध्यमाच्या भाषेत फाटकावर लावा. विभागाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांना (शाळा) एवढे करायला नवा शासन निर्णय लागत नाही.

पालकांनी तोवर थांबू नये. पुढच्या सभेत मागच्या सभेचे इतिवृत्त, अनुदानाच्या खर्चाचा तपशील आणि शाळा विकास आराखडा हे तीन कागद मागावेत. शाळेत शिक्षक किती, शौचालये किती, याची सरकारी नोंद यू-डायसच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ती मोबाइलवर उघडून आराखड्याशेजारी ठेवावी. कागद मिळाले नाहीत तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली महापालिकेकडे लेखी तक्रार करावी. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो, आणि पुढे राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. आणि तोपर्यंत रजिस्टर पुढे आले तर सही करू नये. कोऱ्या पानावर सही न करता घरी गेलेल्या आईवर कारवाई करण्याची कोणतीही तरतूद या कायद्यात नाही.