ज्याची नोंद नाही, त्याला घर नाही



रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाकडे पाहून ‘त्याचे नशीब’ म्हणणे सोपे असते. धम्म स्वीकारताना नशिबाला ज्यांनी रजा दिली, त्यांनी तरी तसे म्हणू नये. माणूस बेघर होतो त्यास कारणे असतात, आणि जेथे कारण आहे तेथे उपायही आहे.

मुंबईचे उदाहरण घ्या. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, तेथील पदपथांवरील झोपड्या पाडण्यास आरंभ झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निर्णय दिला की, उपजीविकेचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कातच अंतर्भूत आहे. तत्त्व थोर होते. परंतु झोपड्या हटविण्याचा पालिकेचा अधिकार कायम राहिला, आणि पर्यायी जागा देण्याचा आदेश झाला तो १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांपुरता. ज्यांची गणनाच झाली नव्हती, त्यांचे काय?

भायखळ्याच्या पदपथांवरील स्त्रियांनी या प्रश्नाला स्वतः उत्तर दिले. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ संस्थेच्या साहाय्याने १९८५ मध्ये पदपथांवरील सुमारे ६ हजार कुटुंबांची गणना झाली. १९८६ मध्ये ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. बाया रोज जमेल तेवढी बचत करू लागल्या, शिधापत्रिकेसाठी एकत्र कचेरीत जाऊ लागल्या. आपल्या घराचा नमुना त्यांनी खऱ्या आकारात उभारून दाखविला. माळा निघावा म्हणून खोलीची उंची १४ फूट धरली. वर्षानुवर्षांच्या चिकाटीनंतर मानखुर्दला मिलन नगर ही वसाहत उभी राहिली.

आता आपल्या वस्तीकडे पाहा. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी महाराष्ट्रात रमाई आवास योजना आहे. परंतु घरकुलास स्वतःची जागा किंवा कच्चे घर लागते. ज्याच्या पायाखालच्या जागेची कोठेच नोंद नाही, तो सर्वांत गरजू असूनही सर्वांत मागे राहतो. पतीच्या निधनानंतर सासरच्यांनी बाहेर काढलेली भगिनी, ऊसतोडीला गेल्यामुळे पाहणीच्या दिवशी गावात नसलेले कुटुंब, लग्नाच्या कर्जापायी घर गहाण टाकलेला भाऊ : हेच उद्याचे बेघर. आज ते आपल्याच शेजारी राहतात.

म्हणून प्रत्येक विहारात एक वही ठेवा. कोणाचे घर कोणाच्या नावावर आहे, कोणता उतारा नाही, कोणावर कर्ज आहे, हे तीत लिहा. घरावर पतीबरोबर पत्नीचेही नाव लावून घ्या. कचेरीत एकट्याला पाठवू नका. दहा जण बरोबर जा. विहाराच्या फरशीसाठी व जयंतीच्या मंडपासाठी आपण उत्साहाने वर्गणी देतो. त्याच वर्गणीतील काही भाग अडचणीतील कुटुंबाचे भाडे किंवा कर्जाचा हप्ता भागविण्यासाठी राखून ठेवला, तर एक घर मोडता मोडता वाचते. मोडलेले घर पुन्हा उभारण्यास किती वर्षे लागतात, हे भायखळ्याच्या भगिनींना विचारा.

येत्या पौर्णिमेस वस्ती विहारात जमेल, तेव्हा वहीचे पहिले पान भरा.