यात्रेच्या बसमधला आचारी

जुन्या गोव्याला किंवा वेलंकनीला निघालेल्या आमच्या धर्मग्रामांच्या बसगाड्यांत भाविकांच्या जोडीने आणखी एक प्रवासी हटकून असतो : आचारी. त्याच्यामागे गॅसची शेगडी, तांदळाची पोती, कांदे-बटाटे आणि लोणच्याची बरणी. शेकडो किलोमीटर तुडवून आपण संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला जातो आणि वाहनतळाच्या कडेला बसून घरचीच बटाट्याची भाजी खातो. या प्रथेला आमचा स्पष्ट विरोध आहे.

ज्यांच्याबरोबर आचारी नसतो त्यांची तऱ्हा निराळी. ते पणजीच्या उपाहारगृहात शिरून पावभाजी, पनीर बटर मसाला आणि शेजवान नूडल्स मागवतात. मालकाने तरी काय करावे? गिऱ्हाईक मागेल ते तो रांधतो. मग गोव्यात गोव्याचे काही मिळत नाही अशी तक्रार करायला आपण मोकळे! अनेक शहरी हॉटेलांत विंदालूच्या नावाखाली बटाट्याचा लाल रस्सा वाढला जातो, तोही याच अज्ञानातून. त्या नावातला 'आलू' बटाट्याचा नव्हे. तो लसणीच्या पोर्तुगीज नावाचा अपभ्रंश आहे आणि 'विंद' हे वाइनचे अवशेष. गोव्यात त्या वाइनची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली.

वसई-मुंबईच्या कुटुंबांना तर हे अन्न परके मुळीच नाही. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी ती जिंकून घेतली. त्या दोन शतकांचा वारसा आमच्या चुलीवर अजून शिजतो. आपल्या आजीचे इंदियाल आणि गोव्याचे विंदालू ही चुलत भावंडे. फरक पाहायचा तर मसाल्यात पाहावा. आमचा बाटली मसाला उन्हाळ्यात कुटून गडद बाटल्यांत ठासून भरायचा, वर्षभर पुरवायचा. गोव्याचा रेशाद मसाला मिरच्या व्हिनेगरमध्ये ओल्या वाटून बांगड्याच्या पोटात भरायचा. एकाच कुळाच्या दोन शाखांनी आपापली वाट कशी काढली, हे पुस्तकापेक्षा त्या ताटावर लवकर उमगते. ते ताट साध्या खाणावळीत दुपारी मिळते : शीत, कडी, रव्यात घोळून तळलेला मासा, तिसऱ्यांचे सुके, सुक्या सुंगटांची खोबरे घातलेली किसमूर. सकाळी पोदेर सायकलवरून भोंगा वाजवीत पोई विकायला येतो. कोंड्याची, पोकळ पोटाची ती गरम पोई सोडून आपले यात्रेकरू बसमध्ये कापलेल्या पावाची पिशवी उघडतात, याला काय म्हणावे?

वेलंकनीला नवस म्हणून मांसाहार वर्ज्य करणारे आमच्याकडे बोट दाखवतील. त्यांच्यासाठी तिथे केळीचे पान आहेच. आधी सांबार-भात, मग रसम-भात, शेवटी ताक. मधे पोरियल आणि कूटू. यात उपवास मोडणारे काय आहे?

पोट बिघडेल, हा दुसरा आक्षेप. पथ्याच्या माणसांसाठी आणि तान्ह्या मुलांसाठी पेज जरूर न्यावी. पण चाळिशीच्या धडधाकट गृहस्थांनी त्या पेजेआड लपू नये. प्रभूने बहात्तर शिष्यांना पाठविताना झोळी घेऊ नका असे बजावले आणि पुढे वाढतील ते खा असेही सांगितले. त्यात आचाऱ्याची तरतूद आम्हांला कोठे आढळली नाही.

खरी अडचण एकच, आणि ती आम्ही मान्य करतो. पन्नास माणसे एकदम दारात उभी राहिली तर लहान खाणावळीची धांदल उडते. त्यावर उपाय अवघड नाही. ३ डिसेंबरच्या सणासाठी बस ठरविणाऱ्या समित्यांनी दोन दिवस आधी फोन करावा, मंडळींचे तीन-चार गट पाडून वेगवेगळ्या खाणावळींत पाठवावे आणि आचाऱ्याचे पैसे तिथल्या रांधणाऱ्या बाईच्या हाती पडू द्यावेत.