माळावरचे मैदान
सातारा-सांगलीत बैलगाडी शर्यतीसाठी कायमचे बांधलेले रिंगण नसते. जत्रेच्या वेळी माळावर समांतर चाकोऱ्या आखून मैदान तयार होते. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेतील मैदान त्यांत नामांकित. खिलार बैलांच्या जोड्या आधी गटात धावतात, मग उपांत्य आणि अंतिम फेरीत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये शर्यतींना वाट मोकळी करण्यासाठी महाराष्ट्राने प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा दुरुस्त केला, पण मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातील झरे परिसरात बंदी झुगारून शर्यत झाली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाची सशर्त परवानगी मिळाली. १८ मे २०२३ ला त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. मैदान भरवण्यास आता प्रशासनाची परवानगी लागते.