डिस्टिलरीस संमति देण्यापूर्वीं

उसाच्या मळीपासून व रसापासून इथेनॉल काढण्याच्या उद्योगांत आपले सहकारी कारखाने उतरले आहेत. त्याच्या यंत्रसामग्रीसाठीं कर्ज काढण्यास सभासद या नात्यानें आपणच संमति देतों. म्हणून त्यापूर्वीं एक प्रश्न विचारणें आम्हांस अगत्याचें वाटतें: हिशेबाची आकृति कोणत्या नियमानें काढली?

इथेनॉल व पाणी एकत्र उकळत असतां द्रवांत इथेनॉल किती व वाफेंत किती, हें दाखविणारी समतोलाची आकृति आतां संगणकावर क्षणांत निघते. डीडब्ल्यूसिम ही आज्ञावली तर विनामूल्य मिळते; मुंबईच्या आयआयटींतील फॉसी प्रकल्प तिचा प्रसार करतो. परंतु संगणक सांगाल त्या नियमानेंच चालतो. राऊल्टचा आदर्श नियम निवडला, तर नुसत्या ऊर्ध्वपातनानें शंभर टक्क्यांपर्यंत पोहोंचतां येईल असें चित्र उमटतें. तें खोटें होय. एनआरटीएल पद्धति योग्य गुणकांसह वापरल्यास खरी अडचण दिसते. साध्या वातावरणदाबाखालीं, सुमारें ७८.२ अंश सेल्सिअसला, वजनानें ९५.६ टक्क्यांच्या सुमारास वाफ व द्रव यांची घडण एकच होते. मग मनोरा कितीहि उंच बांधा, शुद्धता वाढत नाहीं. पेट्रोलांत मिसळण्यास मात्र आकारमानानें ९९.५ टक्के इथेनॉल लागतें. उरलेलें पाणी काढण्यास मॉलिक्युलर सीव्हसारखें निराळें साधन हवें, व त्याचा खर्च निराळा.

बियाण्याची उगवण पाहिल्याशिवाय आपण पेरीत नाहीं. ही आकृतीहि प्रत्यक्ष प्रयोगांतील मोजमापांशीं ताडून दाखविल्याशिवाय सभासदांनीं हात वर करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.