बटण एकदाच दाबा, पावती आधी पाहा

गेल्या ईदच्या हंगामापूर्वी आम्ही सुरतेच्या एका ठोक व्यापाऱ्याच्या संकेतस्थळावर साड्यांची ऑर्डर भरली. बटण दाबले, चक्र फिरत राहिले, पान पुढे सरकेना. आम्ही घाईने तेच पान पुन्हा उघडले. समोर इंग्रजीत दोन ओळी आल्या. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. अर्थ न समजताच 'होय' दाबले. आठ दिवसांनी खामगावला एकाच मालाच्या दोन बिल्ट्या हजर! भाडे दुप्पट आणि भांडवल अडकले ते वेगळेच.

लोक म्हणतात, व्यापारी अडाणी. आम्हाला हे मान्य नाही. जाणकारांना विचारले तेव्हा खरी गोष्ट कळली. नीट बांधलेले संकेतस्थळ फॉर्म नोंदवून घेते आणि ब्राउझरला लगेच दुसऱ्या पत्त्यावर, म्हणजे पावतीच्या पानावर, पाठवते. या इशाऱ्याचा तांत्रिक क्रमांक 303. त्यानंतर पान दहा वेळा उघडले तरी पावतीच दिसते. हा इशारा नसेल तर पान पुन्हा उघडताना तीच ऑर्डर दुसऱ्यांदा जाऊ शकते. शिवाय प्रत्येक फॉर्मला स्वतंत्र क्रमांक दिला, तर दुसरी नोंद तिथेच अडवता येते. म्हणजे उणीव बांधणाऱ्याची, भुर्दंड मात्र गिऱ्हाइकाला!

तरीही आपल्या बांधवांनी सावध राहावे. पान अडकले तर पुन्हा बटण दाबू नये. आधी बँकेचा संदेश आणि ऑर्डरची यादी पाहावी. जीएसटीचे पैसे खात्यातून गेले, पण चलनाचा सीआयएन क्रमांक तयार झाला नाही, तर पीएमटी-07 या नमुन्यात तक्रार करता येते. ऑनलाइन खरेदीत कार्डाने किंवा यूपीआयने पैसे गेले आणि विक्रेत्याला खबर पोचली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार व्यवहारानंतर 5 दिवसांत रक्कम आपोआप परत यावी. पुढे उशीर झाल्यास रोज 100 रुपये भरपाई आहे. हा आपला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

फॉर्म भरताना पान भलत्याच पत्त्यावर गेले आणि फी मागू लागले, तर तिथेच थांबावे. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी मोफत आहे आणि तिचा खरा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'वर संपतो.

मलकापूर, चिखली, बुलढाण्यातील आपली मुले आज संकेतस्थळे बनवतात. त्यांना आमचे एकच सांगणे आहे. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. दुकानात आपण पावती दिल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडत नाही. मग संगणकावर त्याला फिरत्या चक्रापुढे का बसवावे? पावतीचे पान आधी बांधा, सजावट नंतर करा. व्यवहार साफ असेल तरच धंद्यात बरकत येते.