मूठ गरम करण्याआधी

निफाडचा पारा ५-६ अंशांवर आला की त्याची बातमी होते, आणि दोन-तीन दिवसांत आमच्या ओपीडीत बोटं चोळत बसलेली माणसं दिसू लागतात. गेल्या हिवाळ्यात असाच एक दूधवाला आला. पहाटे साडेचारला दोन्ही बाजूंना कॅन लावून निघायचं, ते उजाडेपर्यंत मोटारसायकलवरच. "डॉक्टरसाहेब, ब्रेक दाबला की नाही तेच कळत नाही," म्हणाला. मग मोबाइलवर गरम होणाऱ्या ग्रिपचं चित्र दाखवलं. "हे बसवू का?"

अशा ग्रिप म्हणजे लडाखला जाणाऱ्या हौशी मंडळींचं खेळणं, असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. हवा ६ अंशांवर असेल आणि गाडी ताशी ५० किलोमीटरनं चालली असेल, तर उघड्या कातडीला थंडी शून्य अंशाइतकी जाणवते. बोटांची कातडी १५ अंशांच्या आसपास आली की हातातलं कसब घटू लागतं. या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर ७ मीटर गेले, आणि पुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असते. हा हिशेब पोटासाठी पहाटे निघणाऱ्या दूधवाल्याला, पेपरवाल्या पोराला, पहिल्या पाळीच्या कामगाराला लागू आहे. त्यांना कामावर धाडणाऱ्यांनी हेल्मेटइतकाच हातमोज्यांचाही विचार करायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही मी त्याला लगेच 'बसव' म्हटलं नाही. ग्रिपची ऊब तळहाताला मिळते आणि वारा बोलतो तो बोटांच्या पाठीशी. म्हणून आधी वारा अडवायचा. हँडलवर चढवायची कव्हरं किंवा लिव्हरपुढचे हँडगार्ड हे काम स्वस्तात करतात. कव्हर मात्र इतकं ढिलं हवं की हात झटकन बाहेर निघेल. दुसरी गोष्ट छातीची. धड गार पडू लागलं की शरीर आतली ऊब राखण्यासाठी बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतं, मग मुठीला कितीही तापवा. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालायची जुनी युक्ती शास्त्राला धरून आहे (वाचून झाल्यावर घालावं, एवढीच विनंती). निघताना ओढलेली बिडीही त्याच रक्तवाहिन्या आवळते. 'ऊब येते' हा निव्वळ भ्रम.

एवढं करूनही बोटं बधिर होत असतील, तर ग्रिप जरूर घ्या. वरून गुंडाळायच्या ग्रिप स्वस्त पडतात, पण त्यांनी मूठ जाड होते. लहान हाताच्या माणसाची बोटं लिव्हरपर्यंत पोहोचायला त्रास होतो आणि पकड लवकर थकते. जुनी काढून त्या जागी बसणाऱ्या बऱ्या. तापमानाच्या तीन-चार पायऱ्या असाव्यात. जोडीला साधारण ३०-४० वॅट लागतात. लहान गाडीच्या बॅटरीला हा भार थोडा नाही, म्हणून आधी मेकॅनिकला विचारा. वायर चावीच्या पुढे घ्यावी, म्हणजे चावी बंद केली की ग्रिपही बंद. फ्यूज हवाच. आणि उजवीकडची वायर रेस देताना अडकता कामा नये. सोडलेली रेस परत आली नाही तर ऊब फार महागात पडेल. हातमोजे तळव्याला पातळ आणि पाठीला जाड घ्या. तळव्यालाही रजईसारखे जाड असले तर ऊब आत पोचतच नाही.

आता त्या दूधवाल्याकडे येतो. "रात्री झोपेतही मुंग्या येतात का?" मी विचारलं. "येतात की. पायांनाही येतात." रात्रीच्या मुंग्यांना पहाटेचा वारा कसा जबाबदार? साखर तपासली, २८० निघाली. मधुमेहानं नसा बोथट झालेल्या माणसाला चटका वेळेवर कळत नाही. ४४ अंश म्हणजे हाताला सुखद वाटणारी ऊब, पण तीसुद्धा एकाच जागी सहाएक तास टिकली तर कातडी भाजते. अशा माणसानं ग्रिप सर्वांत खालच्या पायरीवर, हातमोजे घालूनच वापरावी आणि उतरल्यावर तळहात उजेडात पाहावेत. थंडीत ज्यांची बोटं आधी पांढरी, मग निळी आणि शेवटी लाल होतात, त्यांनी किंवा ज्यांची पकड ढिली होऊन हातून वस्तू पडू लागल्या आहेत, त्यांनीही दुकानाआधी दवाखाना गाठावा.

त्याला गोळ्या सुरू केल्या. महिन्यानं आला तेव्हा साखर १६० वर होती, आणि हँडलवर जुन्या रेनकोटची, बायकोनं शिवलेली कव्हरं होती. ग्रिप अजून घेतली नव्हती. "बोटं आता कळतात," म्हणाला, "पण पहाटे करंगळी अजून हरवते." मी म्हटलं, आता घे.