हार पचवणं हाही टेनिसचाच भाग

‘सभ्यपणाने टेनिस जिंकता येत नाही.’ बंगळुरूच्या बनशंकरीतल्या टेनिस कोर्टांच्या जाळीबाहेर मुलांचे सामने बघत उभ्या राहणाऱ्या पालकांच्या तोंडी हे मत आता सर्रास ऐकू येतं. मुलाने रॅकेट आपटली तर ‘जिद्द आहे पोरात’. रेषेवर पडलेला चेंडू त्याने बाहेर दिला तर ‘समोरचाही तेच करतो’. हरल्यावर हात न मिळवता तो बॅग उचलून चालू लागला तर ‘जाऊ दे, मनाला लागलंय त्याच्या’. असं बोलणाऱ्यांत कानडी, तेलुगू, मराठी सगळ्याच घरांतली माणसं आहेत. दाखलेही तयार असतात: मॅकेन्रो बघा, सेरेना बघा, किरियोस बघा.

हे मत चुकीचं आहे आणि मुलांच्या दृष्टीने घातकही आहे. तरी ते नुसतं झटकून टाकता येणार नाही, कारण त्याच्या पाठीशी काही युक्तिवाद आहेत आणि ते मांडणारी माणसं विचारी आहेत. म्हणून आधी त्यांचं म्हणणं एकेक करून तपासू.

पहिला युक्तिवाद असा: आग असल्याशिवाय विजेता घडत नाही, आणि आग असली की ती कधीतरी बाहेर पडणारच. याला सगळ्यात मोठा पुरावा म्हणून जॉन मॅकेन्रोचं नाव घेतलं जातं. तेव्हा मॅकेन्रोचाच हिशोब मांडू. 1984 हे त्याच्या कारकिर्दीतलं सर्वोत्तम वर्ष. त्या वर्षी त्याने 82 सामने जिंकले आणि फक्त 3 गमावले. त्या तिनांतला एक म्हणजे फ्रेंच ओपनची अंतिम लढत. इव्हान लेंडलविरुद्ध तो दोन सेटनी पुढे होता. मग कोर्टालगतच्या एका कॅमेरामनच्या हेडफोनमधून येणाऱ्या आवाजावर तो भडकला, त्या हेडफोनमध्ये जाऊन ओरडला, आणि हातात आलेला सामना पाच सेटमध्ये हरला. फ्रेंच ओपन त्याला पुढे कधीच जिंकता आली नाही. 1990 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मिकाएल पर्नफोर्सविरुद्ध तो दोन सेट विरुद्ध एक असा पुढे असतानाच गैरवर्तनापायी स्पर्धेबाहेर काढला गेला. त्याला मोठं केलं ते त्याच्या हाताने आणि डोळ्याने. रागाने त्याच्याकडून घेतलंच. विम्बल्डन सलग पाच वर्षं, 1976 ते 1980, जिंकणारा त्याचा प्रतिस्पर्धी ब्यॉन बोर्ग कोर्टावर चेहऱ्याची रेषही हलू देत नसे. बोर्गमध्ये आग नव्हती असं म्हणायला कोण धजेल?

दुसरा युक्तिवाद पोटापाण्याचा आहे. हा खेळ आता धंदा आहे, क्रमवारीतल्या दहा जागांवर वर्षभराची कमाई ठरते, मग हरलेल्याकडून हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा का ठेवायची? हसरा चेहरा मीही मागत नाही. 1993 च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात जिंकता जिंकता हरलेली याना नोव्होत्ना बक्षीस समारंभात डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. तिला कोणी अखिलाडू म्हटलं नाही. पाच वर्षांनी तेच विजेतेपद तिने जिंकलं. रडणं, गप्प राहणं, खचणं हे हरलेल्या माणसाचे हक्क आहेत. आपल्या दुःखाची किंमत दुसऱ्याच्या खिशातून वसूल करणं हा मात्र त्याचा हक्क नाही. 2020 च्या यूएस ओपनमध्ये सर्व्हिस गमावल्याच्या वैतागात नोव्हाक जोकोविचने मारलेला चेंडू रेषा-पंच बाईंच्या गळ्यावर बसला. हेतू नव्हता हे सगळ्यांनाच दिसत होतं, तरी त्याला बाद व्हावं लागलं आणि ते योग्यच झालं. 2022 मध्ये आकापुल्कोला दुहेरीचा सामना हरल्यावर अलेक्झांडर झ्वेरेव्हने पंचांच्या खुर्चीवर रॅकेटचे घाव घातले, तेही खुर्चीत बसलेल्या पंचांच्या पायांजवळ. धंदा म्हणायचा तर कुठल्या धंद्यात तोटा झाल्यावर सहकाऱ्याच्या पायाशी घाव घालण्याची मुभा असते? व्यावसायिकपणा ही सवलत मागण्याची सबब नाही. पैसे घेऊन खेळणाऱ्यावर संयमाची जबाबदारी हौशी खेळाडूपेक्षा जास्त येते.

तिसरा युक्तिवाद मला सगळ्यात वजनदार वाटतो. खिलाडूवृत्ती म्हणजे गोऱ्या उच्चभ्रू क्लबांनी घालून दिलेले शिष्टाचार. ते बायकांना, काळ्या खेळाडूंना, बाहेरून आलेल्यांना दुप्पट कडकपणे लावले जातात, असं हा पक्ष म्हणतो. 2018 च्या यूएस ओपन अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सने पंच कार्लोस रामोस यांच्याशी भांडताना बायकांबाबत हाच आरोप केला होता. पुरुष याहून वाईट बोलतात आणि सुटतात, हे तिचं म्हणणं टेनिस पाहणाऱ्या कुणालाही सहज खोडता येणार नाही. पण त्यातून निघतं काय? नियम असमान लागत असेल तर तो सगळ्यांना सारखा लावा, ही मागणी न्यायाची आहे. नियमच नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. त्या संध्याकाळचं नुकसानही नीट पाहिलं पाहिजे. ताकीद, मग एका गुणाचा दंड, मग एका गेमचा दंड अशी शिक्षा चढत गेली, प्रेक्षक हुर्यो उडवू लागले, आणि 6-2, 6-4 असा निर्विवाद विजय मिळवलेली वीस वर्षांची नाओमी ओसाका आपलं पहिलं ग्रँड स्लॅम स्वीकारताना टोपीआड रडत उभी राहिली. तीही गोरी नव्हती, तीही बाईच होती. शेवटी सेरेनानेच प्रेक्षकांना हुर्यो थांबवायला सांगितलं, हे तिच्या मोठेपणाचं. पण ओसाकाची ती संध्याकाळ कुणालाच भरून देता आली नाही.

शिवाय हार मानण्याची रीत साहेबाकडून आली, हे तरी कुठे खरं आहे? आपल्या तांबड्या मातीच्या आखाड्यात उतरणारा पैलवान आधी मातीला हात लावतो आणि कुस्ती झाल्यावर चितपट झालेला जिंकलेल्याला मिठी मारतो. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीत पृथ्वीराज मोहोळविरुद्धचा निकाल मान्य नसलेल्या शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली, तेव्हा सारा महाराष्ट्र अस्वस्थ झाला. त्याच दिवशी अंतिम लढतीत पंचांशी वाद घालणाऱ्या महेंद्र गायकवाडवर आणि राक्षेवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. पंचांचा निर्णय बरोबर की चूक यावर माणसांत मतभेद होते. लाथेवर फारसे नव्हते. ही जाण आपल्या मातीतलीच आहे. रडीचा डाव कशाला म्हणतात हे लगोरी खेळणाऱ्या पोरालाही कुणी क्लबात नेऊन शिकवावं लागत नाही.

चौथा युक्तिवाद खास आपल्याकडचा आहे. भारतीय खेळाडू हरायला फार छान शिकले, जिंकायला शिकले नाहीत. हा सौजन्याचा धडा आता पुरे, असं तो सांगतो. त्याला उत्तर द्यायला बनशंकरीहून फार लांब जावं लागत नाही. मेट्रोने मॅजेस्टिकला गाडी बदलून कब्बन पार्कला उतरलं की कर्नाटक लॉन टेनिस संघटनेची कोर्टं लागतात. याच बंगळुरू शहरात जन्मलेल्या आणि कोडगूत वाढलेल्या रोहन बोपण्णाचे 2023 चे काही महिने आठवून पाहा.

सप्टेंबरात तो मॅथ्यू एब्डेनबरोबर यूएस ओपनच्या दुहेरीची अंतिम लढत खेळत होता. ऐन चुरशीच्या वेळी एक चेंडू जाळीपलीकडे जाण्याआधी त्याच्या हाताला निसटता लागला. पंचांना दिसलं नव्हतं, समोरच्यांनी दाद मागितली नव्हती. बोपण्णाने स्वतः सांगितलं आणि गुण सोडला. तो सामना तो राजीव राम आणि जो सॅलिसबरी यांच्याकडून तीन सेटमध्ये हरला. त्याच महिन्यात हांगझोच्या आशियाई स्पर्धेत युकी भांबरीबरोबर अव्वल मानांकन असताना दुसऱ्याच फेरीत उझबेकिस्तानच्या जोडीने त्याला घरी बसवलं. पाचच दिवसांनी, 30 सप्टेंबरला, श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेबरोबर मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात पहिला सेट 2-6 असा गमावूनही त्याने सुवर्णपदक मिळवलं. जानेवारी 2024 मध्ये त्याने एब्डेनसह ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि वयाच्या 43 व्या वर्षी तो दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर गेला. इतक्या वयात तिथे कुणीच पोहोचलं नव्हतं. गुण सोडणारा हात दुबळा होता, असं या माणसाबद्दल कोण म्हणेल? मॅट्स विलँडरने तर 1982 च्या फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत, वयाच्या सतराव्या वर्षी, पंचांनी सामना संपल्याचं जाहीर केल्यावर होजे लुईस क्लर्कचा चेंडू आत होता असं सांगून मॅच पॉइंट पुन्हा खेळायला लावला. तो सामना त्याने जिंकला, आणि स्पर्धाही.

इथवर खंडन झालं. आता माझी बाजू.

टेनिसमध्ये हरणं हा अपघात नसतो, तो रोजचा व्यवहार असतो. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत 128 खेळाडू उतरतात आणि 127 जण हरून घरी जातात. रॉजर फेडररने 2024 मध्ये डार्टमथ महाविद्यालयातल्या भाषणात स्वतःचा हिशोब दिला होता: कारकिर्दीतल्या 1526 एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ 80 टक्के जिंकले, पण गुण मात्र फक्त 54 टक्के. म्हणजे खुद्द फेडररनेही जवळपास निम्मे गुण गमावले. जो खेळ इतक्यांदा हरवतो, त्यात हार सोसणं हे सर्व्हिस आणि बॅकहँडसारखंच शिकण्याचं कौशल्य ठरतं. ज्याला गेलेला गुण मागे टाकता येतो त्याच्याच हाती पुढचा गुण लागतो. 2025 च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात अमांडा अनिसिमोव्हा इगा श्वियाँतेककडून 6-0, 6-0 अशी हरली. भरल्या डोळ्यांनी तिने विजेतीचं अभिनंदन केलं, आईचे आभार मानले. पंच, हवा, दुखापत अशा कशालाही तिने बोल लावला नाही. दोन महिन्यांच्या आत यूएस ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत तिने त्याच श्वियाँतेकला सरळ दोन सेटमध्ये हरवलं. ज्याने दोष दुसऱ्यावर ढकलला त्याच्यापाशी सुधारायला काही उरत नाही. तिच्यापाशी ते सगळं शिल्लक होतं.

दुसरी गोष्ट, हार फक्त गुणफलकावर होत नाही. संघातून वगळलं जाणं, जोडीदार तुटणं, निवड समितीने दुसऱ्याला पसंती देणं, याही हारच आहेत, आणि त्यांत आपण अनेकदा कमी पडलो आहोत. 2012 च्या लंडन ऑलिंपिकआधी महेश भूपती आणि बोपण्णा या दोघांनी लिअँडर पेसबरोबर खेळायला नकार दिला. त्यावरून अखिल भारतीय टेनिस संघटनेने घातलेल्या बंदीचं प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात आलं. बोपण्णाही या वादापासून अलिप्त नव्हता, हे इथे सांगितलंच पाहिजे. एप्रिल 2017 मध्ये बंगळुरूत उझबेकिस्तानविरुद्धच्या डेव्हिस कप लढतीत कर्णधार भूपतीने पेसला वगळलं. मग दोन्ही बाजूंनी जाहीर आरोप झाले आणि खासगी व्हॉट्सअ‍ॅप संभाषण फेसबुकवर आलं. ती लढत भारताने 4-1 अशी जिंकली, पण चर्चा भांडणाचीच झाली. 1999 मध्ये एकत्र फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकणारी ही जोडी. त्या भांडणात दोष कुणाचा किती, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. हार गिळता न आल्याने देशाच्या टेनिसचं किती वर्षांचं बळ खर्ची पडलं, एवढं तरी सगळ्यांना दिसतं.

तिसरी गोष्ट प्रेक्षकांची. जागतिक टेनिस संघटनांनी 2024 साठी करून घेतलेल्या पाहणीत समाजमाध्यमांवर 458 खेळाडूंना मिळून सुमारे 8,000 शिवीगाळीचे आणि धमक्यांचे संदेश आढळले, आणि त्यांतले 40 टक्के पैजेत पैसे गमावलेल्यांचे होते. खेळाडूला हार पचवायला सांगताना आपण स्वतः ती पचवतो का, हेही विचारायला हवं.

हे सगळं सुरू होतं ते मात्र जगज्जेत्यांच्या कोर्टावर नाही. मुलांच्या बहुतेक सामन्यांत खुर्चीवर पंच नसतो. आपल्या बाजूच्या रेषेचा निर्णय खेळणारं मूल स्वतः देतं. बारा वर्षांच्या पोराला स्वतःविरुद्ध निकाल देण्याचा असा अधिकार किती खेळांत मिळतो? तो अधिकार त्याला नीट वापरता यावा म्हणून आपण तीन गोष्टी करू शकतो. सामना चालू असताना जाळीबाहेरून खुणा आणि आरडाओरडा बंद करावा. हरून आलेल्या मुलाला ‘कुणी चीटिंग केलं?’ हा पहिला प्रश्न विचारू नये. पाणी द्यावं, आणि बोलायचं ते दुसऱ्या दिवशी बोलावं. आणि चेंडू आत होता असं आपल्याविरुद्ध सांगणाऱ्या मुलाचं प्रशिक्षकाने सगळ्यांसमोर नाव घ्यावं, जसं तो जिंकणाऱ्याचं घेतो. संघटनांनीही मुलांच्या स्पर्धांत वर्तनाचे नियम नामांकित खेळाडूला आणि नवख्याला एकाच मापाने लावावेत.

बनशंकरीतल्या कोर्टांवरच्या बहुतेक मुलांना विम्बल्डन कधी खेळता येणार नाही, पण हरावं मात्र प्रत्येकाला लागणार आहे. पालकांनो, त्याची तयारी त्यांच्याकडून आजच करून घ्या.